मृगाआधी शेतावरच्या जुन्या माती धरणाची तयारी

मुळशी, मावळ, भोर, पुरंदर या पट्ट्यात खासगी जमिनींवर लहान माती धरणं बरीच आहेत. कुणाच्या आजोबांनी ओढ्यावर भराव घालून तळं केलेलं असतं, तर कुणी फार्महाउससाठी जमीन घेतली आणि तिच्याबरोबर तळंही पदरात पडलं. नकाशा बहुधा नसतोच. भरावाच्या पोटात काय माती घातली, पाइप कुठून नेला, हे सांगणारा माणूसही आता हयात नसतो. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. सहा-सात मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणून त्याची पाहणी करायला दरवर्षी कुणी साहेब येणार नाहीत. ती मालकानेच करायची आहे. पुण्यात मॉन्सून साधारण 10 जूनच्या सुमारास पोचतो. मे महिना हाताशी आहे असं धरा, आणि त्यातलेही काही दिवस वळीव खाणार हे गृहीत धरा.

पहिलं काम सांडव्याचं, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी भरावाच्या कडेने बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेचं. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण सांडवा मोकळा झालाच पाहिजे. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो बहुतेक वेळा टिकतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की कोरड्या बाजूच्या, म्हणजे तळ्याच्या उलट अंगाच्या, उतारावर घळ पडते, ती माथ्याकडे सरकत जाते आणि मग थांबवणं हाताबाहेर जातं. म्हणून सांडव्यातली झुडपं, गाळ, वाहून आलेले ओंडके काढा. मासे निसटू नयेत म्हणून लावलेली जाळी काढाच, कारण पालापाचोळा अडकला की तीच जाळी भिंत होते. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून सांडव्याच्या तोंडाशी दगड किंवा गोण्या रचून पातळी वाढवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्या गोण्या आजच उचला. फूटभर जादा पाण्यासाठी आख्खं धरण पणाला लावण्यात काही शहाणपण नाही. सांडव्यातून गाडीरस्ता काढून त्याखाली दोन सिमेंटचे पाइप टाकले असतील तर तेवढ्या तोंडातून पूर जाणार नाही, हेही ओळखून असा.

थोडा हिशोब मांडून बघा. तळ्याला 100 हेक्टरवरचं पाणी येत असेल आणि तासाभरात 100 मिलीमीटर पाऊस कोसळला, म्हणजे ज्याला आपण ढगफुटी म्हणतो तसा, आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर 50 हजार घनमीटर होतं. सेकंदाला सुमारे 14 घनमीटर. दहा मीटर रुंद सांडव्यावरून अर्धा मीटर खोल पाणी वाहिलं तर सेकंदाला जेमतेम 6 घनमीटर जातं. एक मीटर खोल वाहिलं तर 17 च्या आसपास. थोडं पाणी तळं पोटात घेतं, पण जुनं तळं गाळाने भरलेलं असेल तर त्या भरवशावर राहू नका. शिवाय वरच्या अंगाला गेल्या काही वर्षांत प्लॉटिंग झालं असेल, डांबरी रस्ते आणि काँक्रीट आलं असेल, तर आजोबांच्या वेळचा ओढा आता राहिलेला नाही. तेच पाणी जास्त आणि लवकर येतं. सांडवा अपुरा वाटला तर स्थापत्य अभियंत्याकडून रुंदी ठरवून घ्या. जेसीबीवाल्याच्या अंदाजावर खोदू नका.

मग कोयता घेऊन भरावाकडे वळा. गवत हवंच, हरळी तर माती धरून ठेवते. पण ते घोट्याएवढं कापलेलं असू द्या, नाहीतर खालची भेग, भोक, ओल काहीच दिसत नाही. घाणेरी आणि सुबाभळीची रोपं कोवळी असतानाच मुळासकट उपटा. मोठ्या झाडाचं मात्र वेगळं आहे. उंबर किंवा बाभूळ मोठी झाली असेल तर पावसाच्या तोंडावर ती पाडून बुंधा उखडू नका. मोठा खड्डा पडतो, आणि मुळं आत ठेवली तर ती कुजून पुढे पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. असं काम दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, अभियंत्याला विचारून, खड्डा थराथराने भरून करायचं.

घुशींची आणि उंदरांची बिळं, साळिंदराची उकर, वारुळं, पाण्याच्या कडेची खेकड्यांची भोकं या सगळ्यांवर खुणेची काठी रोवा. बीळ वरून माती ढकलून बुजवलं तर आतली पोकळी तशीच राहते. शक्य तिथे ते शेवटापर्यंत उकरा, ओलसर चिकण माती 15 सेंटिमीटरच्या थरांनी घाला आणि प्रत्येक थर धुम्मसाने, म्हणजे माती दाबायच्या जड ठोकणीने, ठोका. फार खोल जात असेल तर खोदत बसू नका, जाणकाराला बोलवा.

माथ्यावरून दोरी ताणून चालत जा. जिथे माथा बसलाय, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्यात, तिथे धरणाची उंची तेवढी कमी झाली आहे. अख्ख्या भरावात आधी पाणी तिथूनच ओसंडणार. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. माथ्यावर मुरमाचा थर असेल तर त्या कमी पडतात. लांबीच्या दिशेने गेलेली, कमानीसारखी वळलेली भेग उतार घसरू लागल्याचं सांगते. पाण्याकडून कोरड्या बाजूला आडवी गेलेली भेग त्याहून वाईट, कारण पाणी चढलं की तिच्यातून थेट वाट मिळते. दोन्ही दिसल्या तर फोटो काढा, टोकांना खुंट्या मारा आणि त्याच आठवड्यात अभियंता आणा.

गळतीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. माती धरण थोडं पाझरतंच. पायथ्याशी ओल आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते बदलाला, आणि बदल कळायला आधीची नोंद हवी. मे महिन्यात एक वही करा. पायथ्याशी कुठे ओल आहे, कुठे लव्हाळा हिरवा राहिलाय, कुठून धार येते, ते कच्च्या नकाशावर दाखवा. धार असेल तर तिच्याखाली 10 लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा: वीस सेकंदात भरली तर मिनिटाला 30 लिटर. शेजारी तळ्याची पातळी लिहा. त्यासाठी पाण्यात रंगवलेली पट्टी उभी करा. मग तेच पाणी काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरा आणि थोडा वेळ ठेवून द्या. तळाला मातीचा साका बसला तर ते पाणी धरणाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय. स्वच्छ धार मोठी असली तरी एक-दोन दिवस सल्ल्याला मिळतात. गढूळ धार बारीक असली तरी तासांचा प्रश्न असतो.

आणि ती धार कोरड्या बाजूने चिखल, सिमेंट, प्लास्टिक लावून बंद करू नका. पाणी कोंडलं की दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. गढूळ पाणी जिथून उकळी फुटल्यासारखं येतंय तिथे आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी असा थर द्यायचा. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी एक ब्रास वाळू, दोन्ही मापांची खडी, रिकाम्या गोण्या, फावडी, घमेली, ताडपत्री आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या धरणाच्या उंच टोकाला शेडमध्ये आताच ठेवा. पूर आल्यावर ट्रक तिथे पोचत नाही.

पाण्याच्या पाइपकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. जुन्या तळ्यांत लोखंडी पाइप भरावातून जातो आणि व्हॉल्व्ह खालच्या टोकाला असतो, म्हणजे आतला पाइप कायम पूर्ण दाबाखाली. तो गंजून भोक पडलं तर पाणी थेट भरावात घुसतं. व्हॉल्व्ह मेमध्ये पूर्ण उघडून, बंद करून बघा, ग्रीस घाला, चावी जागेवर ठेवा. पाइपच्या तोंडाभोवती बाहेरून ओल असेल तर वहीत ठळक लिहा. पानशेत हे मातीचं धरण; 12 जुलै 1961 ला ते फुटलं तेव्हा त्याच्या पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचं काम अपुरं होतं. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या, तरी धरण गेलं, मग खडकवासला गेलं आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. आपलं तळं त्यापुढे चिमुकलं आहे, पण खालच्या वस्तीवरच्या दोन घरांना तेवढं पुरेसं आहे.

म्हणून त्या घरी जा. ओढ्याच्या काठी कोण राहतं, वीटभट्टीवरची पालं कुठे पडलीत, कुणाचा गोठा पाण्याच्या वाटेत आहे, हे समक्ष पाहून या. धरण धोक्यात आलं तर फोन कोण करणार, रात्री कुणाला उठवायचं, कुठल्या उंचवट्यावर जायचं, हे सरपंच आणि पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठरवा. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हे नंबर शेडच्या दारावर रंगवून घ्या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हा तुमच्या तळ्याखालच्या कुणी येऊन सांगितलं, की धार वाढलीय, तर त्याच पावली बघायला जा.

पाऊस सुरू झाला की आठवड्यातून एकदा, आणि मोठी सर पडून गेल्यावर लगेच, माथा, सांडवा आणि पायथा अशी फेरी ठेवा. रात्री एकट्याने जाऊ नका. पातळी उतरवायची वेळ आली तर सावकाश उतरवा. पाणी झपाट्याने ओसरलं की पाण्याकडचा भिजलेला उतार आधार सुटून घसरतो. आणि पोळा झाला म्हणून वही मिटू नका. 25 सप्टेंबर 2019 ला रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या पाण्याने आंबिल ओढ्याकाठी काय केलं ते पुण्याने पाहिलं आहे. त्या दिवसांत तळं काठोकाठ भरलेलं असतं आणि येणारा प्रत्येक थेंब सांडव्यातूनच जायचा असतो, म्हणून सप्टेंबर लागण्याआधी सांडवा पुन्हा एकदा साफ करून घ्या.