केबलवाला यायच्या आदल्या रात्री टिव्हो असा तयार ठेवा

२०१३ च्या नोव्हेंबरात बाबा सांगलीहून आमच्याकडे एडिसनला आले होते. सचिनची शेवटची कसोटी १४ तारखेला वानखेडेवर सुरू होणार होती. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे अकरा, आणि बाबा दहाला झोपतात. रेकॉर्डिंगला पर्याय नव्हता. आम्ही नुकतंच घर बदललं होतं, केबल यायची होती, आणि टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा नवा डबा, टिव्हो रोमिओ, अजून खोक्यात होता.

जुन्या घरात मी आधीच्या टिव्होचं खोकं टेक्निशियनसमोर उघडलं होतं. केबल कंपनीचं चॅनल उघडणारं कार्ड घातलं आणि त्याच वेळी डबा नवं सॉफ्टवेअर उतरवून स्वतःच रीस्टार्ट झाला. तो माणूस थोडा थांबला, मग पुढच्या घरी गेला. दहा दिवस अर्धे चॅनल काळे. तेव्हापासून मी केबलशिवाय होणारं सगळं काम आदल्या रात्री उरकते.

त्याहीआधी केबल कंपनीला फोन करून विचारा की ते कार्ड, म्हणजे केबलकार्ड, मिळेल का. काही कंपन्या नव्या ग्राहकाला आता ते देत नाहीत. मिळत असेल तर एकाच वेळी अनेक चॅनल उघडणारं ‘एम-कार्ड’च हवं असं स्पष्ट सांगा. एका वेळी एकच चॅनल उघडणारं जुनं सिंगल-स्ट्रीम कार्ड रोमिओला चालत नाही. तुमच्या भागात काही चॅनल पकडायला ट्यूनिंग अ‍ॅडॅप्टर नावाचा वेगळा डबा लागतो का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

डबा बंद कपाटात ठेवू नका. आतली हार्ड डिस्क दिवसरात्र फिरत असते, तिला वारा लागतो. एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि इंटरनेट द्या. साध्या रोमिओत वायफाय आहे, पण राउटर जवळ असेल तर मी वायरच लावते. मागच्या बाजूचा सर्व्हिस नंबर बघून टिव्होच्या वेबसाइटवर डब्याची सेवा सुरू करून घ्या. सेवा सुरू नसेल तर गाइड, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रक, उतरत नाही आणि रेकॉर्डिंगही लावता येत नाही.

मग गाइडेड सेटअप, म्हणजे पडद्यावरच्या प्रश्नांना एकेक उत्तर देत डबा तयार करणं. भिंतीतून केबल आलेली नसली तरी तो पूर्ण होतो, कारण डबा सिग्नल तपासत नाही, फक्त तुमचा झिप कोड आणि कंपनी विचारतो. साधा रोमिओ अँटेनावरही चालतो, म्हणून तिथे ‘केबल’ निवडा. चॅनलच्या यादीत घाई करू नका. एकाच कंपनीच्या दोन-तीन याद्या दिसतात. चुकीची निवडली तर गाइडमध्ये एक कार्यक्रम आणि पडद्यावर दुसराच दिसतो. सेटअपनंतर डबा चालू ठेवून झोपा. रात्रीत गाइड भरतं. सकाळी सेटिंग्जमध्ये ‘पेंडिंग रीस्टार्ट’ दिसलं तर लगेच रीस्टार्ट करा, टेक्निशियनची वाट बघू नका. आणि हे सगळं होईपर्यंत कार्डाची खाच रिकामी राहू द्या.

टेक्निशियन आला की आधी कोअ‍ॅक्स वायर (केबलची गोल, जाड वायर) हाताने घट्ट फिरवून बसवा, मग कार्ड. घातल्यावर कार्ड स्वतःला अपडेट करत बसू शकतं, तेवढ्यात ते ओढू नका. पेअरिंगच्या, म्हणजे कार्ड आणि डब्याची जोडी जुळवण्याच्या, पडद्यावर कार्ड आयडी, होस्ट आयडी आणि डेटा असे आकडे येतात. ते कंपनीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचे असतात. मी आधी पडद्याचा फोटो काढते आणि आकडे तीन-तीन करून वाचते. एक आकडा चुकला तरी पेअरिंग होत नाही.

खरी परीक्षा यानंतर. बातम्यांचे आणि स्थानिक चॅनल पेअरिंगशिवायही दिसू शकतात, त्यावर समाधान मानू नका. एचबीओसारखं पैशाचं चॅनल घेतलं असेल तर ते लावा. मी क्रिकेटचंही लावून बघितलं. चित्र आल्याशिवाय टेक्निशियनला निरोप देऊ नका.

मग रेकॉर्डिंग. सामन्याची शेवटची वेळ मी तीन तासांनी वाढवली, कारण गाइडमधली वेळ खेळाला माहीत नसते. प्रत्येक दिवसाचं वेगळं रेकॉर्डिंग लावलं.

सामना तिसऱ्याच दिवशी संपला. तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि बाबा गाढ झोपेत होते. सकाळी सातला चहा घेऊन ते टीव्हीसमोर बसले. सचिन खेळपट्टीला नमस्कार करतो तो क्षण त्यांनी मागे नेऊन तीनदा पाहिला. ते रेकॉर्डिंग मी अजून पुसलेलं नाही.