गाडीचा ऑइल फिल्टर पहिल्यांदा स्वतः बदलताना

गाडी साधी पेट्रोलची असेल, वॉरंटी संपलेली असेल आणि रविवारची सकाळ मोकळी असेल, तर इंजिन ऑइल आणि फिल्टर घरी बदलायला काहीच हरकत नाही. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हात लावू नका. उद्या क्लेम करायची वेळ आली तर कंपनीच्या सेंटरचं बिलच कामाला येतं. माझी वॅगनआर त्या वयाच्या कधीच पुढे गेलीय. मी नवी मुंबईत महापेच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आटे, वॉशर आणि रबरी रिंगा तपासण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे मी जरा किरकिरी आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली असेल. त्यात ऑइलची ग्रेड असते आणि किती लिटर लागतं त्याचे बहुधा दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. आपल्याला फिल्टरसहचा हवा. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं. ग्रेडच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकायचं नाही. 'ताई, सगळ्यांना हेच चालतं' म्हणत तो ५डब्ल्यू-३० चा डबा पुढे सरकवतो आणि मारुतीच्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं. पुस्तकात जे आहे तेच घ्या.

फिल्टर शंभर-दीडशेच्या घरातली वस्तू आहे, पण डुप्लिकेट मालही भरपूर. बाहेरून सगळे डबे सारखेच. आत घड्या घातलेला कागद असतो. बऱ्याच फिल्टरमध्ये एक रबरी पडदाही असतो. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून तो असतो. स्वस्तातल्या मालात हाच पडदा लवकर कडक होतो, मग रोज सकाळी स्टार्ट करताना ऑइल वर पोचेपर्यंत इंजिन खडखडतं. शिवाय कागद चोंदला तर एक झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं पडू नये म्हणून ती सोय आहे, पण त्यानंतर फिल्टर असून नसल्यासारखा. म्हणून नवीन ऑइल घालून जुनाच फिल्टर ठेवण्याची काटकसर मला पटत नाही. फिल्टर अधिकृत पार्टच्या काउंटरवरून घ्या आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टचा नवीन वॉशर तिथेच मागून घ्या. तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

हत्यारं फार नाहीत. चेंबरच्या बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी, म्हणजे सॉकेट (बहुतेक गाड्यांना १४, १७ किंवा १९ मिमी, आपला आधीच लावून बघा), फिल्टरला टोपीसारखा बसणारा पाना, जॅक, दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू), पसरट टब, नरसाळं, रबरी हातमोजे आणि भरपूर चिंध्या. सुताराकडून पिशवीभर भुसा आणून ठेवा. सोसायटीच्या टाइल्सवर ऑइलचा डाग पडला तर सेक्रेटरी तुमचं नाव पुढच्या मीटिंगपर्यंत विसरत नाही. भुसा लगेच टाकला तर बरंचसं शोषून घेतो. गाडी उघड्यावर लागत असेल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. पुढचं टोक उचललेली गाडी, खाली ओल्या टाइल्स आणि वरून सर, एवढं सगळं नको.

इंजिन कोमट असताना ऑइल पातळ असतं, गाळ त्यात मिसळलेला असतो आणि सगळं एकदम बाहेर येतं. पाम बीच रोडवर छोटीशी चक्कर मारा आणि परत येऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेलं ऑइल मनगटावर आलं तर चांगलाच चटका बसतो.

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि मागच्या दोन्ही चाकांना विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. मग दोन्ही बाजूंना घोड्या सरकवून गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्या. पंक्चर काढायला दिलेल्या कात्री जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. वजन घोड्यांवर आलं की बॉनेट धरून गाडी जोरात हलवून बघा. हलायची असेल तर आत्ता हलू दे. स्टेपनी काढून दाराखाली आडवी सरकवून ठेवली की माझा जीव आणखी थोडा थाऱ्यावर राहतो.

खाली गेल्यावर पाना चालवण्याची घाई नको. आधी टॉर्च मारून ओळख करून घ्या. इंजिनचा चेंबर आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी असतात आणि दोघांनाही खाली बोल्ट असतो. गिअरबॉक्सचं ऑइल सांडून, वरून इंजिनात नवीन ऑइल ओतून इंजिन डबल भरणारे लोक आहेत. फिल्टर इंजिनला असतो, तिथून सुरुवात करून खाली चेंबरपर्यंत नजर फिरवा. खात्री नसेल तर पुस्तकातलं चित्र बघा. चित्र नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला एकदा बोट दाखवायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

वर येऊन ऑइल भरायचं झाकण काढा, म्हणजे हवा आत जाईल आणि ऑइल धडधड न करता वाहील. आता टब सरकवा. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. खाली उताणं पडल्यावर डावं-उजवं गोंधळतं, म्हणून हे एकदा मोठ्याने म्हणून घ्या. पाना पूर्ण बसलाय ना बघा. अर्धवट बसला तर बोल्टच्या कडा गोल होतात आणि पुढची सकाळ गॅरेजात जाते. एकदा सैल झाला की बोल्ट बोटांनी फिरवा, फिरवताना वरच्या दिशेला दाबून धरा आणि शेवटचा आटा सुटला की झटकन बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब पडते, मग जवळ येते, तसा टब सरकवत राहा. दहा-पंधरा मिनिटांनी थेंबांवर आलं की झालं.

या वेळात बोल्ट पुसून उजेडात धरा. टोकाला राखेसारखी बारीक भुकटी असेल तर चालेल, नखाला टोचणाऱ्या चकाकत्या कपच्या दिसल्या तर मेकॅनिकला दाखवा. जुना वॉशर दाबून चपटा झालेला असतो, तो टाका आणि नवा घाला. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावायचा. दोन-तीन आटे सहज जायला हवेत, अडला तर काढून परत. शेवटी आवळण्यासाठी पुस्तकातला आकडा आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा) असेल तर उत्तम, नसेल तर आखूड पाना आणि मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असतात. आटे गेले तर तो बोल्ट जन्मभर पाझरतो, नाहीतर चेंबरच बदलावा लागतो.

आता फिल्टर. टब त्याच्याखाली घ्या, टोपीचा पाना लावून सैल करा आणि उरलेला हाताने काढा. त्यातूनही पेलाभर ऑइल येतं, तेव्हा तोंड वर ठेवूनच खाली उतरवा. काही जण स्क्रू ड्रायव्हर आरपार खुपसून फिल्टर फिरवतात. पत्रा फाटतो, फिल्टर तिथेच राहतो आणि हात मात्र कापतो.

पुढचा अर्धा मिनिट सगळ्यात महत्त्वाचा. काढलेल्या फिल्टरच्या तोंडाशी रबरी रिंग आहे का, बघा. नसेल तर ती इंजिनलाच चिकटून राहिलीय. तिच्यावरच नवा फिल्टर बसवलात तर दोन रिंगा एकमेकींवर येतात, इंजिन चालू झाल्यावर दाब आला की एक बाहेर फेकली जाते आणि सगळं ऑइल जमिनीवर. बोट फिरवून बघा, चिंधीने ती जागा स्वच्छ पुसा, परत बोट फिरवा. नव्या फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचा एक थेंब बोटाने सगळीकडे लावा, कोरडी रिंग आवळताना मुरगळते.

नवा फिल्टर हातानेच फिरवत न्या. रिंग टेकली की हाताला कळतं. तिथे मार्करने एक खूण करा आणि मग साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते खरं मानायचं. माझी भाची सई पहिल्यांदा हे करत होती तेव्हा गाडीखालून तिचा आवाज आला, "मावशी, अजून थोडा आवळू?"

"खूण कुठपर्यंत आली?"

"पाऊण झाली. पण मला सैल वाटतोय."

"वाटू दे. बाहेर ये."

पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही, एवढंच होतं. गळती थांबवते ती रिंग. तुमची ताकद तिथे कामाची नाही. फिल्टरच्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

(काही गाड्यांना पत्र्याचा डबा नसतो, प्लास्टिकच्या टोपीखाली नुसता कागदी फिल्टर असतो. तिथे टोपीची ओ-रिंग बदलायची आणि टोपीवर छापलेल्या आकड्याइतकंच आवळायचं.)

गाडी खाली सपाट घ्या. नरसाळ्याने पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता आणि झाकण लावा. इंजिन चालू करा, रेस देऊ नका. लाल ऑइलचा दिवा काही सेकंदांत जायला हवा, नाही गेला तर लगेच बंद करा. दिवा गेला तर मिनिटभर चालू ठेवा आणि वाकून टॉर्चने फिल्टर आणि बोल्टकडे बघा. मग बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल मोजायची पट्टी पुसून आत घाला, काढून वाचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ येईपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. जास्त भरलेलं ऑइल खालच्या फिरत्या क्रँकने घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

उरलं ते काळं ऑइल. रिकाम्या डब्यात भरा. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. कुणीतरी मागायला येईलच, सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला किंवा गावाकडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून. मी देत नाही. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि शेवटी तो मातीतच मुरतो. गटारात तर अजिबात नाही. नवी मुंबईतलं पावसाळी गटार शेवटी खाडीतच उघडतं, आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या मोठ्या गॅरेजांत वापरलेल्या ऑइलची बॅरलं भरून पुनर्प्रक्रियेला जातात. आधी विचारून डबा आणि फिल्टर दोन्ही तिथे द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी खाली बघा, आठवडाभराने एकदा पट्टी वाचा. पुढची वेळ पुस्तकात असते, बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडी माझ्यासारखी सीवूड्स स्टेशन आणि एपीएमसीच्या भाजीपुरतीच फिरत असेल तर १०,००० कधी होणारच नाहीत. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्येच राहते, तेव्हा किलोमीटरची वाट न बघता वर्ष भरलं की बदला.