घरात पत्नीला सहमालक करण्यापूर्वीची तयारी

महाराष्ट्रात एकट्या पतीच्या नावावर असलेल्या सदनिकेत पत्नीला सहमालक करायचे असेल, तर कागदांची जुळवाजुळव करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. सोसायटीत तिला सहयोगी सदस्य करून घेतल्याने, नामनिर्देशन भरल्याने किंवा वीजबिलावर तिचे नाव आल्याने ती मालक होत नाही. मालकीचा हिस्सा नोंदणीकृत दस्तानेच मिळतो आणि पतिपत्नींमध्ये त्यासाठी बहुधा बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याचा दस्त, केले जाते. ही उणीव पुष्कळदा पतीच्या निधनानंतर वारसांच्या वादातच उघड होते, म्हणून केवळ सोसायटीच्या नोंदीवर विसंबून राहू नये.

प्रथम मूळ खरेदीखत किंवा करारनामा, सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) आणि मालमत्ता कराची चालू पावती एकत्र ठेवून सर्व कागदांवरील नावे, क्षेत्रफळ व सदनिका क्रमांक ताडून पाहावेत; स्पेलिंगमधील किरकोळ फरकही नोंदणीच्या वेळी अडचण करू शकतो. घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेकडे गहाण असतात, त्यामुळे बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्नीने सहकर्जदार व्हावे अशी अट बँक घालू शकते, आणि त्यामुळे परतफेडीची जबाबदारी तिच्यावरही येते, हे तिला आधी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. सिडको किंवा म्हाडाचे घर असेल, अथवा जमीन भोगवटादार वर्ग दोनची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) असेल, तर संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते का, हे दस्त लिहिण्यापूर्वीच तपासावे.

बक्षीसपत्रात किती हिस्सा दिला जात आहे, हे मोघम ठेवू नये. ‘अविभक्त निम्मा हिस्सा’ असे स्पष्ट लिहावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार दस्तावर देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते, तसेच देणाऱ्याच्या हयातीतच पत्नीने बक्षीस स्वीकारलेले असावे लागते. ती स्वीकृती त्याच दस्तात तिच्या सहीने नोंदवणे उत्तम. असे बक्षीस नंतर मनात आले म्हणून मागे घेता येत नाही, तेव्हा निर्णय शांतपणे, शक्य तर मुलांना सांगून घ्यावा.

निवासी मालमत्ता पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार मात्र बाजारमूल्यावर वेगळा लागू शकतो, म्हणून एकूण रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी जाणून घ्यावी. शुल्क सहीपूर्वी भरावे आणि सहीनंतर 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा. त्या दिवशी दोघांचे आधार व पॅन, छायाचित्रे, आणि साक्षीदारांचे ओळखपत्र सोबत असावे.

आयकराच्या बाबतीत पत्नीला मिळालेले हे बक्षीस तिच्या हाती करपात्र नाही. पण तिने मोबदला दिलेला नसल्यामुळे त्या हिश्श्याचे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. घर भाड्याने दिलेले असल्यास हे विशेष लक्षात ठेवावे.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. सोसायटीकडे अर्ज करून भागपत्रावर नाव लावून घ्यावे; कुटुंबातील हस्तांतरणासाठी सोसायटीने अधिमूल्य (प्रीमियम) मागणे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींना धरून नाही. त्यानंतर महापालिकेच्या कर नोंदीत, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असल्यास नगर भूमापन कार्यालयात, आणि गावातील घर असल्यास ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये बदल करून घ्यावा.

सहमालक झाल्याने पतीच्या उरलेल्या निम्म्या हिश्श्यावर पत्नीचा आपोआप हक्क निर्माण होत नाही. मृत्युपत्र नसेल तर तो हिस्सा वारसाहक्काने मुले, आई यांच्यातही विभागला जातो. म्हणून बक्षीसपत्रासोबतच दोघांनीही आपापले मृत्युपत्र करून ठेवावे.