आधी सावली, मग बाकीचं: लोकवाद्यांचं प्रदर्शन तालुक्याच्या गावी नेताना

गेल्या वर्षी लोकवाद्यांचं फिरतं प्रदर्शन घेऊन निघालो तेव्हा माझी यादी चार पानांची होती. टाचण्या, सुतळी, कात्री, झाडू, पाहुण्यांसाठी नारळ, सगळं होतं. सावली नव्हती. म्हणून या वेळी पहिल्या ओळीतच लिहितो: टेम्पो सावलीत लावा.

झालं असं की एप्रिलचा महिना, वाटेत जेवायला थांबलो. ढाब्यावरच्या एकुलत्या एका लिंबाखाली मोटारसायकली लागलेल्या, म्हणून टेम्पो उघड्यावर लावला. वर काळी ताडपत्री. पिठलं-भाकरी आणि ताक होईपर्यंत पाऊण तास गेला. हॉलवर खोकी उघडली तर तारप्याचं मेण ओघळून खालच्या वर्तमानपत्रात मुरलं होतं. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि तोंडाला ताडाच्या पानांचा कर्णा. हे सगळं एकत्र धरून ठेवतं ते मेण. ते पूर्ण वितळायला साठाच्या वर अंश लागतात, पण मऊ पडायला त्याच्या पुष्कळ खालचं तापमान पुरतं. नळ्या हातात घेतल्या तर खुळखुळ्यासारख्या हलत होत्या. हलगीचं कातडं, जे वाजवायच्या आधी शेकून ताणून घेतात, ते कड्यापाशी बोटभर फाटलेलं. उद्घाटनाला बोलावलेल्या हलगीवाल्या आजोबांनी ती हातात घेतली, बोटाने एकदा टिचकी मारली आणि म्हणाले, "शेकायची गरज नाही साहेब, भाजूनच आणलीय." मांडवात सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

तर निघायच्या आदल्या दिवशी वाद्यं उतरवून घ्या. म्हणजे ताण कमी करा. ढोलकीच्या दोऱ्या सैल करा, तुणतुण्याची नि एकतारीची खुंटी ढिली करा. कातडं कोरड्या हवेत आखडतं, दमट हवेत सैल पडतं. आवळलेल्या ढोलकीला ऊन लागलं की कातड्यावरच्या काळ्या लेपाला, म्हणजे शाईलाही तडे जातात. हलगी आणि तिच्याहून लहान दिमडीचं कातडं मात्र कड्याला चिकटवलेलं असतं, ते उतरवता येत नाही. त्यांना एकच औषध, सावली. जाड खोक्यात, गोधडीत गुंडाळून, टेम्पोच्या मधोमध. टपाजवळ नको, मागच्या फाळक्याजवळ नको. आणि निघा पहाटे चारला. ड्रायव्हर कुरकुर करील, करू द्या.

जुनी खंजिरी कुणी हौसेने दिली तर कातडं कशाचं ते आधी विचारा. घोरपडीचं असेल तर घरीच ठेवा. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि "आजोबांच्या वेळची आहे" हे वनरक्षकाला सांगत बसण्यात अख्खा दिवस जातो.

तारखा ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस धरा. खेड्यांवरची माणसं त्या दिवशी तशीही गावात येतात. दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा, हे सांगायला नको. लग्नसराईत मंगल कार्यालय मिळत नाही आणि गोंधळीही मिळत नाही, तो रोज कुठे ना कुठे गोंधळ घालत असतो. मार्गशीर्षात प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंतच्या सहा दिवसांत खंडोबाच्या वाघ्या-मुरळीला बोलवायला जाऊ नका, नवरात्रात संबळवाल्याला नको. वाद्यं काचेत आणि वाजवणारा दुसऱ्या गावी, असलं प्रदर्शन लोक दहा मिनिटांत बघून घरी जातात. मानधन पाकिटात रोख, त्याच दिवशी, एसटीच्या भाड्यासकट. शाल-श्रीफळावर भागवू नका.

हॉल बघायला सकाळी जाऊ नका, दुपारी तीनला जा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठवर आत येतं ते फरशीवर खडूने आखून घ्या. त्या रेघेच्या आत एकही वाद्य मांडायचं नाही. सावली म्हणजे नुसती रस्त्यातली नव्हे, हॉलमधलीही. आम्ही डागडुजी केलेला तारपा दुसऱ्या दिवशी नेमका त्याच खिडकीखाली ठेवला होता. हो, मीच ठेवला.

पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. गावातलं नाव लिहा. सोलापूर-कोल्हापूरकडे हलगी म्हणतात, विदर्भात डफडं, दोन्ही नावं द्या. चौंडकं आणि तुणतुणं शेजारीशेजारी ठेवा. दोन्हींत एक पोकळ नळा, बुडाला कातडं आणि त्यातून आलेली तार. फरक कुठे तर चौंडकं काखेत धरून त्याची तार हाताने ताणतात, तुणतुण्याला दांडी-खुंटी असते. हे पोरांना शेजारी बघितल्याशिवाय कळत नाही. हलगीच्या पाटीवर काय लिहिणार ते आधी वाजवणाऱ्याला वाचून दाखवा. गावकीची सक्ती म्हणून ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती वाजवली, त्यांच्या घरात त्या वाद्याबद्दल अभिमान आणि राग दोन्ही असतात. पुण्यात बसून लिहिलेलं गोड वाक्य तिथे बोचतं. आमचं एक वाक्य आम्हाला रातोरात कागद चिकटवून झाकावं लागलं.

"हात लावू नये" ही पाटी छापण्यात पैसे घालवू नका. लोक हात लावणारच. त्यापेक्षा एका टेबलावर नवी, स्वस्तातली ढोलकी, हलगी, टाळ आणि एकतारी ठेवा आणि वाजवू द्या. खरी गर्दी त्याच टेबलाशी होते. आवाज होईल, पाहुण्यांचं भाषण ऐकू येणार नाही, तेवढं चालतं. हे टेबलही खिडकीपासून लांब. परत सांगतो म्हणून चिडू नका.

विजेची वेळ वीज कंपनीच्या स्थानिक माणसाला विचारून घ्या. ध्वनिफिती ऐकवायची यंत्रं चार आणि हॉलमध्ये चालू प्लग एक, ही नेहमीची गत. लांब वायरीचे एक्स्टेंशन बोर्ड आणि भाड्याचा इन्व्हर्टर. पंखे आहेत का, तेही बघा.

स्वयंसेवक, पाणी, खुर्च्या, अभिप्राय वही: माहीत आहे तुम्हाला. वहीला पेन दोरीने बांधा.

परतीची तयारी कुणी करत नाही, कारण शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांचे पाय दुखत असतात. निघताना काढलेल्या फोटोंशी एकेक वाद्य ताडून बघा. काठ्या मोजा. संबळाच्या दोन काठ्यांतली वाकड्या टोकाची नेमकी हरवते आणि दुकानात मिळत नाही. हलगीचं टिपरूही पोरं पळवतात, खिसे तपासू नका, मागा, देतात. वाद्यं पुन्हा उतरवा, गोधड्या, खोकी, दोरी. हॉलची किल्ली, भाड्याची पावती.

आणि परतीच्या वाटेवर जेवायचंच असेल तर डबा बांधून घ्या. ढाब्यावर थांबलातच तर आधी जाऊन लिंबाखालच्या मोटारसायकली हलवायला सांगा, टेम्पो तिथे लावा, मग ताक मागवा.