काळावरची विज्ञानकथा लिहायचीये? आधी आकडेमोड करा

काळ, स्मृती, अस्तित्व असले जड शब्द डोक्यात घेऊन लिहायला बसलात तर दुसऱ्या पानावर प्रवचन सुरू होतं. त्यापेक्षा एकच बदल घ्या आणि तो एखाद्या घरात सोडून द्या. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये बदल केवढा, तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून गेली, बस्स.

आपण आईनस्टाईनचा नियम घेऊ. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात १ वर्ष गेलं की पृथ्वीवर साधारण १० जातात. टाऊ सेटी हा तारा जवळपास १२ प्रकाशवर्षं लांब, म्हणजे जाऊन येऊन इथली २४ वर्षं आणि यानातली अडीचसुद्धा नाहीत. (वेग वाढवायला-कमी करायला लागणारा वेळ सध्या सोडा, आणि इंजिनाची माहिती देत बसू नका, वाचक पळतो.)

आता ताई निघाली ३० ची, धाकटा भाऊ २६ चा. परत आली तेव्हा ती ३२ ची आणि हा पन्नाशीचा, केस पिकलेले, तरी ताईच म्हणणार ना तिला? आणि ती त्याला अरे-तुरेच करणार. हा संवाद सगळ्यात आधी लिहून काढा.

हिशोब केला की न सुचलेल्या गोष्टी सापडतात. तिकडून परत निघताना तिने मेसेज पाठवला तर तो प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे यानापेक्षा जेमतेम पुढे, घरी पोचतो आणि तीनेक आठवड्यांत मागोमाग ती स्वतःच दारात! त्याआधी काहीच कळवलं नाही असं धरा. सात वर्षं खबर नसली की कायदा माणसाला मृत धरू शकतो, मग वारस नोंद झाली, सातबाऱ्यावरून नाव गेलं, आणि आता तलाठ्यासमोर उभी आहे ती कोण? अस्तित्वाचा प्रश्न इथे येऊ दे, पात्राला यानाच्या खिडकीत बसवून तारे बघायला लावू नका प्लीज.

स्मृतीचं पण तसंच. आठवण काढली की मेंदू ती दरवेळी थोडी नव्याने रचतो, बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हे १९३२ मध्येच मांडलंय. निघायच्या आदल्या रात्रीचं भांडण तिच्यासाठी अडीच वर्षांपूर्वीचं, त्याने मात्र ते २४ वर्षं लोकांना सांगून सांगून पार गुळगुळीत केलेलं. दोघांना आपापलं सांगू द्या, खरं कुणाचं ते तुम्ही ठरवू नका.

लिहून झालं की सगळ्यांची वयं एका कागदावर मांडून परत तपासा, भावाचं वय चुकलं तर वाचक पहिलं तेच पकडतो.