कागदी लिंबाची नवी बाग थंडीत सांभाळताना

नाशिक, धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की लिंबूवर्गीय पिकांत सर्वांत आधी फटका बसतो तो कागदी लिंबाला, आणि त्यातही लागवड होऊन एक-दोन वर्षेच झालेल्या झाडांना. लिंबाचे झाड बारमाही हिरवे असल्याने पानांतून पाणी जाणे हिवाळ्यातही सुरूच राहते. मात्र तापमान 13 अंशांच्या खाली उतरले की वाढ जवळजवळ थांबते आणि गारठलेल्या जमिनीतून मुळे पाणी सावकाश उचलतात. कोरडे उत्तरेचे वारे सुटल्यावर पानांच्या कडा करपतात त्या बहुधा या ओढाताणीमुळे. म्हणून आधी मुळांजवळची ओल सांभाळावी, झाकण्याचे त्यानंतर पाहावे.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते आणि जड, गार हवा खोलगट भागात साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात, तेव्हा शहरातला पारा पुष्कळदा त्याहून बराच वर असतो. त्यामुळे बातमीतल्या आकड्यावर विसंबू नये. शेतातल्या सर्वांत खोलगट जागी, रोपांच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर टांगावा. उताराच्या खालच्या बांधावर दाट कुंपण असेल, तर गार हवा वाहून जाण्यासाठी त्यात मोकळी वाट ठेवावी.

थंडीचा इशारा असेल त्या दिवशी सायंकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब अधिक साठवते आणि विहिरीचे ताजे पाणी या दिवसांतही 20 अंशांच्या पुढे असते. पाणी आळ्यातच सोडावे, पानांवर उडवू नये, आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) मोडेल इतके तर मुळीच देऊ नये. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरमध्ये ताणावर सोडलेल्या (मुद्दाम पाणी तोडलेल्या) फळत्या बागेला हा सल्ला लागू नाही. थंडीच्या धास्तीने तिथे पाणी सोडल्यास ताण मोडतो आणि बहार विस्कटतो.

आळ्यात पाचट किंवा सोयाबीनच्या भुसकटाचा तीन-चार इंचांचा थर द्यावा, मात्र तो खोडाला भिडू देऊ नये, अन्यथा ओलीने साल कुजते. लहान रोपांभोवती तुराट्या, पळाट्या किंवा कडब्याचा आडोसा करताना उत्तर आणि पश्चिम बाजू बंद ठेवून आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन थेट आत येते. प्लॅस्टिक पानांना टेकले तर टेकलेल्या जागीच पान करपते. त्यापेक्षा काठ्यांच्या सांगाड्यावर टाकलेले गोणपाट चांगले. ते ऊन चढल्यावर काढावे आणि दिवस मावळण्यापूर्वी पुन्हा घालावे.

पहाटे ओला काडीकचरा पेटवून धूर करण्याची चाल सर्वत्र आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. जमिनीतून निघणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. थोडा उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा, आणि तोही ठिकठिकाणी लहान शेकोट्या असतील तर. त्यात ठिबकच्या नळ्या वितळल्या तर नुकसान वेगळेच.

नव्या बागेला नोव्हेंबरपासून जानेवारीअखेर युरिया देऊ नये आणि छाटणीही करू नये, कारण दोन्हींमुळे फुटणारी कोवळी नवती थंडीत सर्वांत आधी जळते. पाने करपून गळली म्हणून झाड उपटण्याची घाई करू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी; आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. मेलेला भाग नेमका कुठवर आहे हे फेब्रुवारीअखेरीस नवी फूट निघाल्यावरच कळते, तेव्हा जिवंत भागापर्यंत छाटून कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप (1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी) लावावा. मोरचूद भिजवण्यासाठी लोखंडी भांडे न वापरता प्लॅस्टिकचे घ्यावे.