तळ्यातलं शेवाळ उन्हात किती ऑक्सिजन बनवतं ते बाटलीत मोजायचं कसं

आपल्याकडे रंकाळ्यासारखं तळं हिरवं दिसलं की लोक लगेच म्हणतात घाण झाली, पण त्या हिरव्या रंगातलं एकेक सूक्ष्म शेवाळ उन्हावर ऑक्सिजन बनवत असतं. तो किती, हे मोजायची पद्धत गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९२७ साली दिली आणि ती आजही चालते.

३०० मिलीच्या बीओडी बाटल्या (घट्ट बसणाऱ्या बुचाच्या काचेच्या बाटल्या) घ्या, पाण्यात जितक्या खोलवर मोजायचं त्या प्रत्येक खोलीला तीन. एक सुरुवातीची, एक उघडी, म्हणजे बूच लावलेली पण काही न गुंडाळलेली, आणि एक काळी, म्हणजे काळी टेप आणि वर फॉइल गुंडाळलेली. झाकणावरही टेप लावा.

आता भरणं. इथेच सगळं बिघडतं. बादलीने पाणी काढा आणि बाटलीत ओता असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. माझ्या काळ्या बाटलीत एकदा सुरुवातीपेक्षा जास्त ऑक्सिजन आला होता, जो अंधारात येणं शक्यच नाही, आणि दिवसभराचं काम वाया गेलं. गणित बघा ना, १ मिली हवेत साधारण ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तो बाटलीत विरघळला तर लिटरमागे ०.९ मिलिग्रॅमची चूक, आणि आपण मोजतोय तो फरकच कधी कधी तेवढा असतो! म्हणून सॅम्पलरची, म्हणजे हव्या त्या खोलीचं पाणी वर आणणाऱ्या भांड्याची, रबरी नळी थेट बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरली तरी थांबायचं नाही, दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, मग नळी सावकाश काढायची आणि बूच तिरकं सरकवत बसवायचं. बाटली उलटी करून बघा, मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून टाका आणि परत भरा, आळस नको. आणि हे सगळं सावलीत करा, खोलातलं शेवाळ एकदम भर उन्हात आलं की त्याचं काम मंदावतं.

सुरुवातीच्या बाटलीत विंकलरची औषधं, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन आहे तेवढाच धरून ठेवणारी रसायनं, काठावरच घाला. बाकीच्या दोन ज्या खोलीचं पाणी त्याच खोलीवर दोरीने टांगा, होडीची सावली पडणार नाही अशा. तीन-चार तास पुरे. पाणी फारच हिरवं असेल तर त्याहून कमी, नाहीतर उघड्या बाटलीत ऑक्सिजनचेच बुडबुडे धरतात.

मग त्या दोन्हींतही तीच औषधं घाला आणि तिन्हींचं टायट्रेशन करा, म्हणजे थेंब थेंब रसायन घालून ऑक्सिजन मोजा. उघडी वजा काळी म्हणजे एकूण बनलेला ऑक्सिजन, सुरुवातीची वजा काळी म्हणजे श्वसनात गेलेला.

दुपारी अगदी वरच्या बाटलीचा आकडा अर्धा मीटर खालच्यापेक्षा कमी आला तर तो चुकीचा समजून खोडू नका, कडक ऊन शेवाळालाही सोसत नाही.